आमेरहून जयपुरास



राजधानी हलते तेव्हा केवळ सिंहासन हलत नाही. माणसांचा शेजारही हलतो. 1727 साली सवाई जयसिंहाने आमेरपासून सुमारे 11 किलोमीटरांवर, सपाटीवर जयपूर वसविले. त्या स्थलांतराकडे या दृष्टीने पाहणे उद्बोधक ठरेल.

आमेर म्हणजे डोंगरांच्या कुशीतील वस्ती. वर राजवाडा, खाली घरे, आणि वाढावयास जागा थोडी. अशा गावात प्रत्येकाची नजर साहजिकच वरच्या दरवाजाकडे लागलेली असते. जयपूरची रचना याहून अगदी निराळी. विद्याधर भट्टाचार्य या बंगाली विद्वानाच्या साहाय्याने आखलेल्या या नगरीचे राजमार्ग 100 फुटांहून अधिक रुंद असून ते एकमेकांस काटकोनात छेदतात. नऊ चौकड्यांपैकी दोन राजवाड्यास गेल्या. उरलेल्या सात नागरिकांच्या वाट्यास आल्या. दूरदूरचे सावकार, जवाहिरे आणि कारागीर येथे बोलावून वसविण्यात आले. महाराष्ट्रीय पंडितही या दरबारी होते. अरबीतील युक्लिडची भूमिती संस्कृतात आणणारे सम्राट जगन्नाथ हे त्यांपैकीच.

तथापि, नव्या नगरीने जुने भेद पुसून टाकले, असे मानणे भाबडेपणाचे होईल. मनिहारांचा रस्ता, ठठेरांचा रस्ता ही नावेच सांगतात की, बांगड्या करणारा बांगड्या करणाऱ्याच्या शेजारी राहिला आणि तांबट तांबटाच्या. दूरवरून आलेल्या माणसाने आपली आळी जणू सोबतच आणली. नवी होती ती चौपड. जेथे राजमार्ग मिळत, त्या चौकात पाण्याची कुंडे होती. आपापल्या गल्लीतून निघालेली परकी माणसे तेथे सौद्यासाठी, पाण्यासाठी, उत्सवासाठी समोरासमोर येत. आमेरने माणसांना एका गढीशी बांधले होते; जयपूरने त्यांना एका बाजारात आणून उभे केले.

मग आमेर विसरले गेले काय? नाही. वृंदावनाहून आलेल्या गोविंददेवजींची स्थापना जयपूरच्या राजवाड्याच्या परिसरात झाली. परंतु मानसिंहाने बंगालमधून आणलेली शिलादेवी आमेरलाच राहिली. आजही नवरात्रात जयपूरचे लोक तिच्या दर्शनासाठी ती जुनी चढण चढतात. व्यवहार सपाटीवर उतरला तरी नवस मात्र डोंगरावरच राहिला. घर बदलणाऱ्या कोणत्याही माणसास यातील मर्म सहज उमगेल.