घरपट्टीच्या पावतीवर नाव कोणाचं?

मार्च लागला की आपल्या पारशिवनी तालुक्यात गावोगावी घरपट्टीची वसुली सुरू होते. ३१ तारखेच्या आत आपण पैसे भरतो, पावती डब्यात टाकतो. यंदा आम्ही गटाच्या बैठकीत सगळ्यांच्या पावत्या वाचून पाहिल्या. बहुतेकींवर फक्त घरधन्याचं नाव. दोघींवर तर केव्हाच वारलेल्या सासऱ्याचं!

घर पती-पत्नी दोघांच्या नावे लावावं, असा शासनाचा निर्णय २००३ सालचा आहे. ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे नमुना ८ चा उतारा मागा. त्यावर तुमचं नाव नसेल तर दोघांच्या सहीचा अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी बोलणं कोणी धरत नाही, हे आम्ही अनुभवलंय.

नमुना ८ ही कराची नोंद, मालकीचा पक्का कागद नव्हे. तरी तिचं मोल आहे. आमच्यातल्या एकीचा नवरा वारला, तेव्हा दीर म्हणाले, "तुझं इथं काय?" दाखवायला तिच्याजवळ चिठोराही नव्हता. हिंदू वारसा कायद्याने विधवा पहिल्या वर्गाची वारस असते, म्हणजे हक्क होताच. पण तो शाबीत करण्यात दोन दिवाळ्या माहेरी गेल्या.

शेतीसाठी 'लक्ष्मीमुक्ती' आहे. नवऱ्याने ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे अर्ज केला की सातबाऱ्यावर बायकोचं नाव सोबत लागतं. राहतं घर बक्षीसपत्राने द्यायचं तर मुद्रांक शुल्क २०० रुपये. अधिभार आणि नोंदणीचा खर्च वेगळा, तो आधी विचारून घ्या.

पुढच्या बैठकीला पावती आणा. आणि चष्मा विसरू नका.