धूळ आणि रोजचे हात



आम्ही कामगारांत वावरणारी माणसे. शाळा थोडी, सभा फार. आम्ही बागमैदानांवर काय बोलणार, असे तुम्हांला वाटेल. पण चाळीतल्या एका खोलीत सहा माणसे राहतात, तेव्हा मैदान हा त्यांच्या घराचाच उरलेला भाग असतो. म्हणून मुंबईतील दादरच्या शिवाजी पार्कचे उदाहरण घेतो.

हे मैदान १९२५ साली लोकांना खुले झाले, तेव्हा त्याचे नाव माहीम पार्क होते. १९२७ साली महापालिकेच्या सभासद अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहाने त्याला शिवरायांचे नाव मिळाले. संयुक्त महाराष्ट्राच्या सभा येथे गाजल्या, कितीतरी क्रिकेटपटू येथेच घडले. कट्ट्यावर बसायला आजही कुणाला पैसा पडत नाही.

परंतु मैदान जितके लाडके, तितके ते झिजते. रोज असंख्य पाय पडतात, गवताची मुळे तुटतात, तांबड्या मातीचे पीठ होते आणि समुद्रावरचा वारा ते भोवतालच्या घरांत नेऊन टाकतो. २०२१-२२ च्या सुमारास महापालिकेने पावसाचे पाणी साठवून मैदानावर शिंपडण्याची आणि गवत लावण्याची योजना हाती घेतली. योजना चांगली होती. तरीही २०२३ साली रहिवाशांची धुळीची ओरड कायम होती.

आमच्या मते मर्म असे आहे की, गवत उद्घाटनाने वाढत नाही, रोजच्या राबणुकीने वाढते. माळी कंत्राटावर असला, की कंत्राट संपताच तो जातो. पाणी कुठे मुरते, कुठे साचते, हे त्याचे ज्ञानही त्याच्याबरोबर जाते. म्हणून माळी कायमचा हवा. शिवाय मैदानाला आळीपाळीने विश्रांती हवी. कामगाराने आपली सुटी लढून मिळवली. गवताला मागणी करता येत नाही.

मात्र कुंपण घालून, तिकीट लावून मैदान राखू नये. ज्या पोराला दुसरे अंगण नाही, त्याचेच अंगण त्याने जाते. एक तुकडा बंद, बाकीचे उघडे, आणि ही पाळी खेळणारे, फिरणारे व माळी यांनी एकत्र बसून ठरवावी.

तुमच्या गावच्या बागेचे अंदाजपत्रक निघेल, तेव्हा कारंज्याचा खर्च मागाहून विचारा. माळी किती आणि त्यांच्या पगाराची तरतूद काय, हे आधी विचारा.