फेनॉलिक : एका शब्दाच्या दोन बाजू



माझे शिक्षण कारखान्याच्या फाटकावर आणि वाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा रसायनशास्त्रावर बोलण्याचा मला अधिकार काय, असे आपण विचाराल. ज्या पिंपांवर 'फेनॉलिक' हा शब्द असतो, ती पिंपे उचलणाऱ्यांत मी वावरतो. एवढाच माझा अधिकार.

फेनॉल हे यातले मूळ. १८३४ साली रुंगे या जर्मन रसायनज्ञाने ते दगडी कोळशाच्या डांबरातून वेगळे काढले व त्याला कार्बोलिक ॲसिड म्हटले. सहा कर्ब-अणूंचे एक कडे आणि त्याला थेट जडलेली ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी, अशी त्याची रचना. ही खूण ज्या पदार्थात सापडेल, तो रसायनज्ञाच्या लेखी फेनॉलिक. म्हणजे लवंगेतले युजेनॉल, ओव्यातले थायमॉल, हळदीला पिवळेपण देणारे कर्क्युमिन, ही आपल्या स्वयंपाकघरातली मंडळीही त्याच गोत्राची!

कारखानदार फेनॉलिक म्हणतो तेव्हा त्याच्या मनात असते ती फेनॉल आणि फॉर्माल्डिहाइड यांची राळ. बेकलंड यांनी १९०७ मध्ये ती सिद्ध केली, तेच बेकेलाइट. एकदा तापून घट्ट झाली की ती पुन्हा वितळत नाही, आणि विजेला वाट देत नाही. म्हणून विजेची बटणे, भांड्यांच्या मुठी, पाण्यात टिकणारे प्लायवुड, अशा अनेक ठिकाणी ती आढळते.

१८६५ मध्ये लिस्टर यांनी ग्लासगो येथे कार्बोलिकची पट्टी बांधून जखमा चिघळू दिल्या नाहीत. परंतु जंतूंना मारणारे हे द्रव्य माणसाच्या कातडीचीही गय करीत नाही. फेनॉल कातडी जाळते आणि बधिरही करते. त्यामुळे भाजल्याचे कामगाराला लगेच कळत नाही, आणि तेवढ्यात विष अंगात भिनते. कोकणात काजू फोडणाऱ्या बायकांचे हात पाहा. टरफलातले तेल फेनॉलिकच आहे. त्याची राळ मोटारीच्या ब्रेकमध्ये कामी येते, आणि तेच तेल बोटांची सालपटे काढते.

म्हणून माझे मागणे साधे आहे. हातमोजे द्या, नळ जवळ ठेवा. अंगावर उडाले तर दुखण्याची वाट न पाहता कपडे उतरवून भरपूर पाण्याने धुवावे व दवाखाना गाठावा, हे प्रत्येकाला शिकवा. आणि पिंपावरचा इशारा उचलणाऱ्याच्या भाषेत लिहा. ज्ञान विद्यापीठात जन्मले तरी ते पिंपापर्यंत पोचले पाहिजे.