घोरणारी मुले
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



मूल घोरू लागले की आपण कौतुकाने म्हणतो, "कसा गाढ झोपलाय, अगदी आजोबांवर गेलाय!" सर्दीपडशात चार दिवस घोरले तर काळजी नको. पण सर्दी नसतानाही जे मूल आठवड्यातून तीन किंवा अधिक रात्री घोरते, त्याची झोप गाढ आहे असे समजू नये, एवढेच मला आज सांगायचे आहे.

नाकामागे ॲडिनॉइड व घशात दोन्ही बाजूंस टॉन्सिल अशा ग्रंथी असतात. दोन ते आठ वर्षांच्या वयात श्वासाच्या वाटेच्या मानाने त्या मोठ्या असतात. झोपेत घशाचे स्नायू सैल पडले म्हणजे ती वाट मधूनमधून बंद होते. छाती हलते, पण हवा आत जात नाही. मग मूल दचकते, हुंदका दिल्यासारखा आवाज होतो आणि श्वास पुन्हा सुरू होतो. हे रात्रभर चालते. सकाळी मुलाला काही आठवत नाही. शंभरांतील एक ते पाच मुलांना हा विकार असतो. लठ्ठपणा, लहान जबडा व नाकाची ॲलर्जी हीही कारणे आहेत. उपनगरांतील बांधकामांची धूळ, पावसाळ्यात भिंतींना येणारी बुरशी आणि डासांच्या अगरबत्तीचा धूर यांनी नाक अधिकच चोंदते.

असे मूल आ वासून, मान मागे टाकून झोपते, घामाघूम होते, कधी अंथरूण ओले करते. झोप अपुरी झालेले मोठे माणूस पेंगते. मूल उलट चिडते, चुळबुळ करते. शाळेतून "लक्ष नाही" अशी तक्रार येते आणि आपण धपाटा घालतो. दोष त्या बिचाऱ्याचा नसतो, त्याच्या श्वासाचा असतो.

उपाय आहेत. विकार सौम्य असल्यास डॉक्टर नाकात मारावयाचे औषध देतात. मूल लठ्ठ असल्यास वजन आटोक्यात आणावे लागते. ग्रंथी फार वाढल्या असल्यास त्या शस्त्रक्रियेने काढतात. २०१३ साली अमेरिकेत पाच ते नऊ वर्षांच्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सात महिन्यांनी पाहता शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी शेकडा ७९ मुलांची झोपेची तपासणी निर्दोष आली. नुसती देखरेख ठेवलेल्यांत शेकडा ४६. म्हणजे घाई नको, तशी टाळाटाळही नको. टॉन्सिल काढल्याने मुलाची ताकद जाते ही भीती व्यर्थ आहे. त्यांचे काम शरीरातील इतर ग्रंथी करतात. मात्र शस्त्रक्रियेनंतर दोन आठवडे सांभाळावे आणि तोंडातून रक्त आल्यास तडक रुग्णालय गाठावे.

डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी झोपलेल्या मुलाचे दोन मिनिटांचे चित्रण मोबाईलवर करून न्यावे. दवाखान्यात मूल जागे असते, तेथे घोरणे दिसत नाही. विलेपार्ल्याचे कूपर व घाटकोपरचे राजावाडी ही पालिकेची रुग्णालये आपल्या जवळ आहेत, आणि परळला १९२९ पासूनचे वाडिया बालरुग्णालय आहे.

भगिनींनो, आज रात्री घर निजानीज झाले की पाच मिनिटे मुलाच्या उशाशी बसा. टीव्ही बंद ठेवा आणि त्याचा श्वास ऐका. मध्येच तो थांबत असेल, तर डॉक्टरांना दाखवण्यास उशीर करू नका.