गुपित राखणारी, सोबत जाणारी बाई

(महिला मेळाव्यात एका आरोग्य सेविकेने केलेले भाषण. जे येऊ शकले नाहीत त्यांच्यासाठी येथे देत आहोत.)



मला 'महिलांचे नेतृत्व' या विषयावर बोलायला सांगितलं आहे. नेतृत्व म्हटलं की आपल्याला खुर्ची, हार आणि माइक आठवतो. मी खुर्चीबद्दल बोलणार नाही. एचआयव्ही आणि बाईला होणारी मारहाण, या दोन संकटांत गावाला कशी बाई लागते, तेवढंच सांगणार आहे. सुरुवात माझ्या चुकीपासून करते.

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. पहिलटकरीण होती, पाचवा महिना. रक्ताची तपासणी केली, एचआयव्ही निघाला. मी तिला जवळ बसवलं, पाणी दिलं, धीर दिला. आणि म्हटलं, "आजच घरी जाऊन नवऱ्याला सांग. त्याचीही तपासणी व्हायला हवी." मला वाटलं, मी माझं काम नीट केलं. पण एक प्रश्न विचारायचा राहिला: "घरी तुला मारतात का गं?"

तिनं त्याच संध्याकाळी सांगितलं. रात्री ती अंगावरच्या लुगड्यानिशी माहेरी पोचली, हाताला सूज, कपाळ फुटलेलं. माहेर दोन डोंगरांपलीकडे. गोळ्या सासरीच राहिल्या. औषध पुन्हा सुरू व्हायला दीड महिना गेला. बाळाला लागण झाली नाही, ती देवाची कृपा. माझी त्यात हुशारी नव्हती.

त्या घरात आजार कुणाकडून आला, हे कुणी विचारलंच नाही. बाईची तपासणी गरोदरपणात आधी होते, म्हणून तिचं नाव आधी कळतं. जिचं नाव आधी कळलं, ती दोषी. पुढे नवरा आजारानं गेला तर "हिनं खाल्लं" म्हणतात, डाकीण ठरवतात. बायांनो, असं कुणाला डाकीण ठरवून छळणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. पंचांनी दंड घेऊन मिटवायची ती बाब नाही.

माझी चूक मला नंतर कायद्यातही वाचायला मिळाली. एचआयव्हीबद्दलचा कायदा २०१७ साली झाला आणि सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. त्यात स्पष्ट म्हटलं आहे की जोडीदाराला सांगितल्यानं बाईला मारहाण होईल, तिला टाकून देतील अशी रास्त भीती असेल, तर डॉक्टर किंवा समुपदेशकानंही ते नवऱ्याला सांगू नये. संमतीशिवाय तपासणी करायची नाही, आणि एचआयव्ही आहे म्हणून तिला राहत्या घरातून काढता येत नाही, हेही त्यात आहे. मारहाणीसाठी २००५ चा घरगुती हिंसाचाराचा कायदा वेगळा आहे. त्यात संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते.

म्हणजे ही दोन दुखणी वेगळी नाहीत, एकाच दोरीची गाठ आहे. जिला मार बसतो ती नवऱ्याला "निरोध वापर" म्हणू शकत नाही. ती तपासणीला एकटी जाऊ शकत नाही. गेली, तर गोळ्या कुठे लपवायच्या हा प्रश्न. एक टोक ओढून ही गाठ सुटणार नाही.

आपल्या नंदुरबार जिल्ह्यात तर ही गाठ दिवाळीनंतर आणखी आवळते. मुकादम उचल देतो, गाड्या भरतात, आपली माणसं बारडोली, सुरतेकडे ऊस तोडायला जातात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. कामाला दोघं, पण हिशोब पुरुषाच्या नावावर. पालात दार नाही, कडी नाही. फडात बाईवर कुणी हात टाकला तर उचल फिटायची आहे म्हणून ती गप्प बसते. आणि ज्यांना एआरटीच्या गोळ्या सुरू आहेत, त्यांच्या गोळ्या तिथेच तुटतात.

गोळ्या तुटू द्यायच्या नाहीत, हे मी पुन्हा पुन्हा सांगते. २००४ पासून सरकारी केंद्रात ही औषधं फुकट मिळतात. २०१७ पासून तपासणीत एचआयव्ही निघाला की लगेच उपचार सुरू करतात, प्रकृती खालावण्याची वाट पाहत नाहीत. उपचार नसेल तर आईकडून बाळाला लागण होण्याचा धोका शंभरात १५ ते ४५ असतो. उपचार नीट असेल तर तो ५ च्या खाली येतो. गोळ्या नियमित घेऊन रक्तातला विषाणू तपासणीत न दिसण्याइतका कमी झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. म्हणून गाडीत बसण्याआधी केंद्रात जाऊन सांगा की आम्ही बाहेरगावी चाललो. तब्येत स्थिर असेल तर जास्त दिवसांच्या गोळ्या मिळू शकतात, नाहीतर तिकडच्या केंद्राला कागद देतात.

हे काम मोठ्या साहेबांनीच करायचं असं समजू नका. भारतात एचआयव्ही पहिल्यांदा सापडला तो १९८६ साली मद्रासमध्ये, डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी निर्मला या दोन बायांच्या कामातून. त्याच शहरात १९९८ साली कौसल्या नावाच्या तरुणीनं एचआयव्हीसह जगणाऱ्या स्त्रियांची संघटना उभी केली. तिला स्वतःला लग्नानंतर नवऱ्याकडून लागण झाली होती. आणि आपल्या सांगलीत ज्या बायांना समाज दारात उभं करत नाही, त्या धंदेवाल्या बायांनी १९९६ मध्ये स्वतःची संस्था काढली. एकमेकींना निरोध वाटले, आजारी बाईला दवाखान्यात नेलं, गुंड आणि पोलिसांच्या मारापुढे एकत्र उभ्या राहिल्या. त्यांच्याकडे पदवी नव्हती. एकमेकींची सोबत होती.

आपल्याला गावात तशीच सोबत हवी आहे. प्रत्येक पाड्यावर निदान दोन बाया हव्यात, आणि त्यांनी तीन गोष्टी करायच्या.

पहिली गोष्ट, गुपित राखायचं. विहिरीवर नाही, बचत गटात नाही, प्रार्थनेच्या वेळी नाव घेऊनसुद्धा नाही. हे मला दुःखानं सांगावं लागतं. "अमकीच्या आजारासाठी प्रार्थना करू या" म्हणता म्हणता गावभर झालेलं मी पाहिलं आहे. देवाला नाव ठाऊक आहे, मोठ्यानं सांगायची गरज नाही.

दुसरी, आधी विचारायचं, मग सल्ला द्यायचा. "घरी मारतात का? आज सांगितलंस तर काय होईल? रात्री कुठे जाशील?" उत्तर येईपर्यंत थांबायचं. नवऱ्याला सांगायचंच ठरलं, तर दवाखान्यात, समुपदेशकासमोर. तेव्हाही जवळ कुणी तरी असावं.

तिसरी, सोबत जायचं. कुणावर बलात्कार झाला तर पंच बसण्याची वाट पाहू नका. कोणत्याही दवाखान्याला, सरकारी असो की खासगी, तिच्यावर फुकट उपचार करावेच लागतात. एचआयव्हीची लागण टाळणाऱ्या गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू व्हाव्या लागतात, जितक्या लवकर तितकं बरं, आणि २८ दिवस घ्याव्या लागतात. पंच तीन दिवसांनी बसले तर ती वेळ निघून गेलेली असते. एचआयव्हीबद्दल विचारायला १०९७ आणि संकटातल्या बाईसाठी १८१, हे दोन नंबर आजच पाठ करा.

शुभवर्तमानात बारा वर्षं रक्तस्रावानं पीडलेली एक बाई आहे. तिला सगळे विटाळाची समजत. तिनं गर्दीत मागून येऊन प्रभूच्या वस्त्राला हात लावला. प्रभूनं तिला झिडकारलं नाही, मुलगी म्हणून हाक मारली. मी ती गोष्ट वाचते तेव्हा वाटतं, बारा वर्षांत तिच्यासोबत त्या गर्दीपर्यंत येणारी एकही शेजारीण नव्हती का?

माझ्या त्या पहिलटकरणीची मुलगी आता शाळेत जाते. आई दर महिन्याला केंद्रात येते, आणि हल्ली एकटी येत नाही. मागच्या खेपेला तिच्यामागे पदर ओढून एक नवी पोर उभी होती, घाबरलेली. ती मला म्हणाली, "बाई, हिला मी आणलंय. आधी हिला विचारा, घरी कसं आहे."

मला जे शिकायला इतकी वर्षं लागली, ते तिनं मला दारातच सांगितलं. बायांनो, गावाला अशी बाई हवी. उद्यापासून ती तुम्ही व्हा.