पटकथालेखन : साधना आणि उपजीविका
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील व्याख्यान)



पन्नास वर्षांच्या वाटचालीत आपल्या संस्थेच्या शिक्षणनिधीने अनेक कुटुंबांना आधार दिला. त्या आधारावर समाजातील मुले-मुली डॉक्टर झाली, अभियंते झाली, सनदी लेखापाल झाली. अलीकडे मात्र काही घरांत एक निराळाच विषय निघू लागला आहे. वाणिज्य शाखेत शिकणारा मुलगा किंवा मुलगी एके दिवशी सांगते, "मला चित्रपटाचे लेखन शिकायचे आहे." घरात क्षणभर शांतता पसरते. मग वडील दोन प्रश्न विचारतात : हे आपल्या धर्माला शोभेल काय? आणि यावर पोट भरेल काय? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. त्यांना रागाने नव्हे, तर विचारपूर्वक उत्तर मिळाले पाहिजे. आजच्या व्याख्यानाचे प्रयोजन एवढेच आहे.

प्रथम धर्माचा प्रश्न. आपल्या शास्त्रात विकथा वर्ज्य मानली आहे, कथा नव्हे. उलट जिनवाणीचे जे चार अनुयोग सांगितले जातात, त्यांत पहिला मान प्रथमानुयोगाचा, म्हणजे महापुरुषांच्या चरित्रांचा आणि कथांचा आहे. सामान्य माणसाला तत्त्वाकडे नेणारी वाट कथेतून जाते, हे आचार्यांनी ओळखले होते. तेव्हा प्रश्न चित्रपट या माध्यमाचा नाही. त्यातून विकथा सांगायची की सत्कथा, हा आहे. आणि त्याचा पहिला निर्णय नट करीत नाही, लेखक करतो.

आता पटकथा म्हणजे काय, ते पाहू. चित्रपटाच्या आरंभी पडद्यावर 'कथा, पटकथा, संवाद' असे शब्द येतात. पुष्कळांना तिन्ही एकच वाटतात. कथा म्हणजे कापडाचा ताका म्हटला, तर पटकथा म्हणजे मापाने बेतून शिवलेला अंगरखा. ताका कितीही उंची असला तरी तो तसाच अंगात घालता येत नाही.

याचे उदाहरण आपल्या जिल्ह्यातीलच घेऊ. भूम तालुक्यातील सिद्धक्षेत्र कुंथलगिरी ही श्री कुलभूषण आणि श्री देशभूषण या मुनींची निर्वाणभूमी. १९५५ साली चारित्रचक्रवर्ती आचार्य श्री शांतिसागर महाराजांनी तेथेच सल्लेखना घेऊन देह ठेवला. त्या दोन मुनींच्या पूर्वाश्रमीची कथा आचार्य रविषेणांच्या पद्मपुराणात आली आहे. दोघे राजपुत्र लहानपणापासून गुरूपाशी शिकले. विद्या पूर्ण करून नगरात परतताना त्यांना झरोक्यात एक सुंदर कन्या दिसली. दोघांनाही मोह झाला, आणि तिच्यासाठी भाऊ भावाच्या जिवावर उठण्याचा विचार करू लागला. इतक्यात भाटांच्या स्तुतीतून कळले की ती त्यांचीच सख्खी बहीण आहे. दोघेही लज्जेने दग्ध झाले आणि विरक्त होऊन त्यांनी दीक्षा घेतली.

कथा सांगणारा म्हणतो, "त्यांच्या मनात मोह उत्पन्न झाला." पटकथाकाराला हे वाक्य निरुपयोगी आहे, कारण कॅमेऱ्याला मन दिसत नाही. जे डोळ्यांना दिसेल आणि कानांना ऐकू येईल तेवढेच त्याने लिहायचे. म्हणून तो लिहील : थोरला वर पाहतो आणि थबकतो. धाकटा त्याच्या नजरेच्या दिशेने पाहतो आणि तोही थबकतो. मग दोघे प्रथमच एकमेकांकडे अनोळखी माणसासारखे पाहतात. एकाचा हात कमरेच्या तलवारीकडे जातो. वाद्ये थांबतात आणि भाटाचा एकच उद्गार ऐकू येतो. मोह, द्वेष आणि लज्जा यांपैकी एकही शब्द न उच्चारता तिन्ही भाव प्रेक्षकाला कळतात.

याहून मोठा निर्णय पुढेच आहे. ती बहीण आहे हे प्रेक्षकाला केव्हा सांगावे? आधी सांगितले, तर तो प्रसंग पाहताना प्रेक्षकाचा जीव टांगणीला लागतो. राजपुत्रांबरोबरच कळले, तर धक्का बसतो आणि त्यांची लज्जा प्रेक्षकाचीही होते. कथा तीच, परंतु कोणती गोष्ट केव्हा उघड करायची, याच्या हिशेबावर परिणाम ठरतो. तो हिशेब म्हणजे पटकथा. व्यवहारात साधारणपणे एका पानाला पडद्यावरील एक मिनिट धरतात, म्हणजे दोन तासांच्या चित्रपटाला सुमारे १२० पाने होतात. त्यांतले प्रत्येक दृश्य आत घडते की बाहेर, दिवसा की रात्री, हे आरंभीच नोंदवावे लागते. कारण त्या नोंदीवरून पुढे चित्रणाचे वेळापत्रक आणि खर्चाचे अंदाजपत्रक तयार होते.

ही विद्या कशी मिळते? मराठीतील सर्वांत ठळक उदाहरण ग. दि. माडगूळकरांचे आहे. 'गीतरामायणा'मुळे ते घरोघरी पोहोचले. पण दीडशेहून अधिक मराठी आणि वीसहून अधिक हिंदी चित्रपटांशी त्यांची लेखणी जोडली गेली होती, हे अनेकांच्या लक्षात राहत नाही. १ ऑक्टोबर १९१९ रोजी आजच्या सांगली जिल्ह्यातील शेटफळे येथे त्यांचा जन्म झाला. मॅट्रिकला गणिताने दगा दिला आणि घरच्या गरिबीने कोल्हापूरची वाट दाखवली. १९३८ च्या 'ब्रह्मचारी' चित्रपटात त्यांच्या वाट्याला किरकोळ भूमिका आली. वि. स. खांडेकरांकडे ते लेखनिक म्हणून बसले. खांडेकरांनी सांगायचे आणि त्यांनी उतरवून घ्यायचे, अशा रीतीने वाक्याची घडण त्यांनी जवळून पाहिली. पुढे के. नारायण काळे यांच्या हाताखाली त्यांनी साहाय्यकाचे काम केले. १९४२ मध्ये चित्रपटगीते लिहिण्याची संधी आली आणि १९४७ च्या 'रामजोशी'ने लेखक म्हणून त्यांचे नाव झाले.

या सनावळीचा हिशेब मांडावा. १९३८ ते १९४७ ही नऊ वर्षे झाली. पेढीवर नवा मुलगा येतो तेव्हा पहिल्याच दिवशी त्याच्या हाती तिजोरीची किल्ली कोणी देत नाही. तो ताके उचलतो, घड्या घालतो, गिऱ्हाइकाचा चेहरा वाचायला शिकतो. माडगूळकरांची ती नऊ वर्षे अशीच उमेदवारीची होती. प्रतिभा जन्मजात असेल. पटकथा मात्र त्यांनाही शिकावी लागली.

आणि कथा कोठून मिळते? पुन्हा त्यांचेच उदाहरण पाहावे. १९३९ साली औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे एक अभिनव प्रयोग सुरू झाला. खुनाच्या गुन्ह्यातील बंद्यांना भिंतीआड न कोंडता शेतीवर मोकळे ठेवायचे आणि विश्वासाने सुधारायचे, असा तो प्रयोग होता. आसपासच्या गावांतील माणसे तो रोज पाहत होती. माडगूळकर त्याच मुलखातले. त्यांनी त्यातून कथा घडवली, आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ मध्ये 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट निर्माण केला. त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले आणि १९५८ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात रौप्य अस्वलाचा सन्मान लाभला. बंद्यांवर शस्त्राऐवजी केवळ नजरेचा धाक ठेवणाऱ्या त्या तुरुंगाधिकाऱ्याचे चित्रपटातील नाव आहे आदिनाथ. आपल्या प्रथम तीर्थंकरांचे हे नाव, आणि बाजारात मार खाऊनही हात न उगारणारे सहा खुनी! अहिंसेवर याहून प्रभावी प्रवचन विरळाच. त्या कथेत खोडा घालणारा मात्र व्यापारी आहे. बंद्यांनी भाजी वाजवी दराने विकली, म्हणून त्याला ते सलू लागले. आपण व्यापाऱ्यांनी तेवढे मनाशी नोंदवून ठेवावे.

तात्पर्य हे की कथा शोधण्यासाठी लेखकाला परदेशी जावे लागले नाही. आपल्या परंडा तालुक्याच्या शिवेपलीकडील करमाळा तालुक्यात जेऊर हे गाव आहे. तेथील नागराज मंजुळे यांनी आपल्याच मुलखातील माणसे आणि आपल्याच कानावरची बोली घेऊन २०१३ मध्ये 'फँड्री' आणि २०१६ मध्ये 'सैराट' हे चित्रपट लिहिले व दिग्दर्शित केले. 'सैराट' तर महाराष्ट्राने डोक्यावर घेतला.

आता दुसरा प्रश्न, उपजीविकेचा. येथे गोड बोलून फसवणूक करणे हे पाप ठरेल. हा व्यवसाय अनिश्चित आहे. लिहिलेल्या सर्वच पटकथा पडद्यावर येत नाहीत, आणि पहिली काही वर्षे मिळकत जवळजवळ शून्य असू शकते. म्हणून पदवी पूर्ण करावी आणि पोटापुरते दुसरे काम हाती ठेवावे. विजय तेंडुलकरांनी वृत्तपत्रांत नोकरी केली, नाटके लिहिली, आणि अनुभवाची शिदोरी घेऊन ते पटकथेकडे वळले. 'सामना', 'सिंहासन', 'आक्रोश' हे चित्रपट त्यांच्या लेखणीचे. श्री. दा. पानवलकरांच्या 'सूर्य' या कथेवरून त्यांनी 'अर्धसत्य'ची पटकथा रचली. गुजरातमधील पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये घालून १९७६ मध्ये जो 'मंथन' काढला, त्याच्या पटकथेसाठी तेंडुलकरांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. दोन-दोन रुपयांतूनही भांडवल उभे राहते, हे व्यापारी समाजाला वेगळे सांगायला नको.

व्यवहाराची बाजू मुलांनी आरंभीच शिकून घ्यावी. नुसत्या कल्पनेवर कायद्याने हक्क सांगता येत नाही. कल्पनेला दिलेल्या लिखित रूपावर सांगता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली आर. जी. आनंद यांच्या खटल्यात स्पष्ट केले. म्हणून निर्मात्याला कथा ऐकवण्यापूर्वी ती लिहून काढावी आणि मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे तिची नोंद करावी. करार लेखी असावा. मोबदला टप्प्याटप्प्याने ठरवावा : काही रक्कम सहीच्या वेळी, काही पहिल्या खर्ड्यावर, काही अंतिम खर्ड्यावर. पडद्यावर नाव येण्याची अट करारात स्वच्छ शब्दांत घालावी. २०१२ च्या दुरुस्तीनंतर स्वामित्वहक्क कायद्याने लेखकाला आणखी एक संरक्षण दिले आहे. चित्रपटगृहातील खेळ सोडून अन्य मार्गांनी होणाऱ्या वापरावरील मानधनाचा हक्क त्याला निर्मात्याच्या नावे लिहून देता येत नाही. तोंडी व्यवहारात नुकसान कोणाचे होते, हे पेढीवर वाढलेल्या मुलाला ठाऊक असते. त्याने ते शहाणपण मुंबईला जाताना घरी ठेवून जाऊ नये.

शिक्षणाची सोयही आता आहे. पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटमध्ये पटकथालेखनाचे रीतसर शिक्षण मिळते. परंतु तेथे पोहोचण्यापूर्वीचा अभ्यास धाराशिवमध्येही करता येतो. आवडता चित्रपट आवाज बंद करून पाहावा आणि दृश्यागणिक काय घडले ते वहीत लिहावे. आठवडी बाजारात, एस. टी. स्थानकावर माणसे कशी बोलतात ते ऐकावे. दहा मिनिटांची एक पटकथा लिहावी, ती चारचौघांना वाचून दाखवावी आणि जेथे ऐकणारे चुळबुळ करतील तेथे खूण करून पुन्हा लिहावी. २०१७ चे अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलन आणि २०२० चे साहित्य संमेलन या नगरीने यजमान म्हणून भरवले. ऐकणाऱ्या कानांची येथे वाण नाही.

या पार्श्वभूमीवर विश्वस्त मंडळासमोर एक नम्र सूचना ठेवावीशी वाटते. शिक्षणनिधीच्या नियमांत लेखनाच्या विद्यार्थ्यासाठी एक जागा असावी. पदवी पूर्ण केलेली आणि किमान दोन पटकथा अखेरपर्यंत लिहून दाखविलेली असावी, अशी अट असावी. साहाय्य दोन वर्षांचे असावे आणि त्याचा हिशेब दर सहा महिन्यांनी लिहिलेल्या पानांत घ्यावा. यात फार मोठी रक्कम गुंतणार नाही. न दिल्यास होणारे नुकसान मात्र मोठे आहे. ज्याला ओढ आहे तो मुलगा तसाही मुंबईला जाईल. फरक एवढाच की तो घरी खोटे सांगून, रिकाम्या खिशाने, कोणाच्या ओळखीविना जाईल, आणि मिळेल ती विकथा पोटासाठी लिहील. पाठीशी समाज असला तर नको त्या कामाला नाही म्हणण्याचे बळ त्याला येईल.

शेवटी आपल्या गावाजवळच्या गुंफांकडे पाहावे. सुमारे हजार वर्षांपूर्वी मुनी कनकामर यांनी अपभ्रंश भाषेत 'करकंडचरिउ' रचले. डॉ. हिरालाल जैन यांनी संपादित केलेला तो ग्रंथ १९३४ साली कारंजा येथून प्रसिद्ध झाला. त्यात तेरापूरजवळच्या डोंगरातील गुंफांचे वर्णन आहे. एक हत्ती सोंडेत पाणी आणि कमळ घेऊन येतो आणि एका वारुळाची पूजा करून जातो. करकंड राजा ते पाहतो, वारूळ खणवतो आणि आत भगवान पार्श्वनाथांची प्रतिमा सापडते. मुनींनी ते सारे असे लिहिले आहे की वाचणाऱ्याला समोर दिसावे. तो हत्ती, ते वारूळ आणि तो डोंगर आजही एखाद्या लेखकाची वाट पाहत आहेत. तो लेखक कदाचित याच सभागृहात मागच्या रांगेत बसला असेल. त्याला उद्या घरी जाऊन आपल्या मनातील गोष्ट निर्भयपणे बोलता यावी, एवढीच या सुवर्णमहोत्सवी प्रसंगी प्रार्थना.

जय जिनेंद्र.