घोड्याला भिणारा मुलगा

व्हिएन्ना शहरात १९०८ सालच्या आरंभी एक पावणेपाच वर्षांचा मुलगा घराबाहेर पडेनासा झाला. रस्त्यात घोडा चावेल, असे तो म्हणे. त्या काळी व्हिएन्नाचे रस्ते घोडागाड्यांनी भरलेले असत, आणि या मुलाच्या घरासमोरच मालाची वखार होती. जड गाड्या दिवसभर तेथे ये-जा करीत. म्हणजे ज्याची भीती, तेच दाराशी उभे. भीतीही मोठी चोखंदळ होती. पांढरे घोडे, तोंडाभोवती काळे काही असलेले घोडे, डोळ्यांवर ढापणे लावलेले घोडे, आणि विशेषेकरून ओझ्याने लादलेली गाडी ओढणारे घोडे दिसले की मुलाचा जीव घाबरा होई. पुढे त्याने सांगितले की, आईबरोबर जात असताना बसला जुंपलेला एक मोठा घोडा त्याने कोसळताना पाहिला होता. पाय झाडणारा तो घोडा मेलाच, असे त्याला वाटले होते.

असा प्रसंग कोणत्याही घरात घडू शकतो. घरातली वडील माणसे चार दिवस समजूत घालतात, पाचव्या दिवशी रागावतात, आणि कालांतराने मूल भीती विसरते किंवा ती लपवावयास शिकते. या मुलाचे भाग्य किंवा दुर्भाग्य असे की, त्याचा बाप माक्स ग्राफ हा संगीतसमीक्षक असून सिग्मंड फ्रॉइडच्या वर्तुळात बसणारा होता, आणि आई पूर्वी स्वतः फ्रॉइडकडे उपचार घेऊन आलेली होती. बापाने मुलाशी झालेले बोलणे रोज टिपून फ्रॉइडकडे पाठवावे, फ्रॉइडने त्यावर सूचना द्याव्यात, अशा रीतीने उपचार सुरू झाले. त्या सबंध अवधीत फ्रॉइडने मुलाला उपचारासाठी समोर बसवले ते एकदाच. १९०९ साली ही हकिगत प्रसिद्ध झाली, आणि ‘छोटा हान्स’ या टोपणनावाने तो मुलगा मानसशास्त्राच्या इतिहासात कायमचा राहिला.

फ्रॉइडचे म्हणणे थोडक्यात असे. भीती घोड्याची दिसते, पण ती घोड्याची नाही. मुलाचे आईवर उत्कट प्रेम आहे. त्या प्रेमात बाप वाटेकरी आहे. बाप दूर व्हावा अशी इच्छा मनात उठते आणि त्याच बापावर मायाही आहे. ही ओढाताण मुलाला पेलत नाही, म्हणून मन ती अबोध तळघरात लोटते, आणि बापाची भीती घोड्याचे सोंग घेऊन रस्त्यावर येते. तोंडाभोवतीचे काळे म्हणजे बापाच्या मिशा, डोळ्यांवरची ढापणे म्हणजे बापाचा चष्मा. फ्रॉइडने हे मुलाला त्याच्या भाषेत समजावून सांगितले. घरी परतताना मुलाने बापाला विचारले की, प्रोफेसरांना हे सगळे आधीच कळते, तर ते देवाशी बोलतात की काय? मे महिन्यापर्यंत भीती बव्हंशी ओसरली.

पन्नास वर्षांनंतर या हकिगतीवर मोठा वाद झाला. त्याकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट नोंदवणे न्यायाचे होईल. मिशांचा आणि चष्म्याचा अर्थ कोणाला पटो वा न पटो, लहान मुलाची भीती ही पोरकटपणा म्हणून झटकून टाकण्याची बाब नसून शंभरावर पृष्ठे लिहून समजून घेण्याची बाब आहे, हे फ्रॉइडने मानले. मुलाने सांगितलेले खोटे समजू नये, मुलाला दरडावू नये, त्याच्या प्रश्नांना उत्तरे द्यावीत, हा त्याचा आग्रह होता. १९०८ साली ही साधी गोष्ट नव्हती.

मुलाला बापाची धास्ती असते, हा सिद्धांत सर्वत्र लागू पडतो काय, हा प्रश्न फ्रॉइडला आपल्याच देशातून विचारला गेला. कोलकात्याचे डॉक्टर गिरींद्रशेखर बोस यांनी दमनाच्या कल्पनेवरील आपला प्रबंध १९२१ साली पुरा केला, फ्रॉइडला पाठवला, आणि दुसऱ्याच वर्षी कोलकात्यात भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली. दोघांची भेट कधी झाली नाही. पत्रे मात्र अनेक वर्षे चालली. बोस यांनी आदराने पण स्पष्टपणे कळवले की, आपल्या भारतीय रुग्णांत पित्याकडून होणाऱ्या शिक्षेचे भय युरोपात दिसते तितक्या प्रखरतेने दिसत नाही. उलट पुरुषांच्या ठायीही स्त्री होण्याची सुप्त इच्छा अधिक उघडपणे प्रकट होते. त्यांच्या मते मनात प्रत्येक इच्छेबरोबर तिची विरोधी इच्छा वसत असते, आणि रुग्णाला त्या दुसऱ्या बाजूला नेऊन उभे करणे हाच उपचार होय. फ्रॉइडला हे फारसे पटले नाही. पण त्याच्या पंचाहत्तराव्या वाढदिवसानिमित्त, १९३१ साली, कोलकात्याहून गेलेली विष्णूची हस्तिदंती मूर्ती त्याने आपल्या लिहिण्याच्या मेजावर ठेवली होती.

भीतीला तळघर असते, हीच कल्पना अमेरिकेत काहींना मान्य नव्हती. बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉन वॉटसन आणि त्याची सहकारी रोझली रेनर यांनी १९२० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. ‘अल्बर्ट’ नावाने उल्लेखिलेले अकरा महिन्यांचे एक धीट, शांत मूल. पांढरा उंदीर पुढे सोडला की ते हात पुढे करी. मग असे करण्यात आले की, मुलाने उंदराला हात लावावा आणि त्याच्या पाठीमागे पोलादी दांड्यावर हातोडा आदळावा. काही वेळा असे झाल्यावर, आवाज न करताही, नुसता उंदीर पाहून मूल रडत दूर सरकू लागले. आणि पुढे ससा, कुत्रा, केसाळ कोट यांनाही ते बिचकू लागले. वर्तनवाद्यांचा निष्कर्ष असा की, भीती ही शिकलेली गोष्ट आहे; तिच्या मुळाशी दडलेला बाप शोधण्याचे कारण नाही. वीस वर्षांनी हे मूल केसाळ कोटाला भिणारा तरुण म्हणून एखाद्या मनोविश्लेषकाकडे गेले, तर तो त्याच्या स्वप्नांतून भलतेच काही काढील, अशी थट्टाही त्यांनी केली.

थट्टा मार्मिक असेल. पण प्रयोगाचा शेवट थट्टेचा नव्हता. मुलाला लावलेली भीती काढून टाकण्यापूर्वीच ते रुग्णालयातून गेले. ते जाणार आहे, याची कल्पना प्रयोगकर्त्यांना आधीपासून होती. आज असा प्रयोग करण्यास कोणतीही विद्यापीठीय समिती अनुमती देणार नाही. सिद्धांत सिद्ध झाला आणि भीती मुलाच्या पदरी राहिली, हे वर्तनवादाच्या जन्मपत्रिकेतले एक अशुभ स्थान आहे.

ते ऋण फेडले एका स्त्रीने. मेरी कव्हर जोन्स ही रेनरची महाविद्यालयातील मैत्रीण. लावलेली भीती काढताही येते काय, हे तिने न्यू यॉर्कमध्ये पाहिले. तिचा पीटर तीन वर्षांच्या आतबाहेरचा. ससा, उंदीर, पिसे, कापूस, सर्वांना भिणारा. प्रथम न भिणाऱ्या मुलांच्या संगतीत त्याला सशाजवळ खेळू दिले. प्रगती होत होती, तोच पीटर स्कार्लेट ज्वराने पडला, आणि रुग्णालयातून परतताना एक दांडगा कुत्रा अंगावर आल्याने सारे मुसळ केरात गेले. मग नवी युक्ती. पीटर उंच खुर्चीत बसून आवडीचा खाऊ खात आहे, आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला पिंजऱ्यात ससा आहे. खाण्यात खंड पडणार नाही इतकाच पिंजरा रोज पुढे सरकवायचा. अखेर ससा मांडीवर आला आणि पीटर त्याला आपली बोटे कुरतडू देऊ लागला. १९२४ साली ही हकिगत छापून आली, आणि जवळजवळ तीस वर्षे कोणी तिची फारशी दखल घेतली नाही. या हकिगतीत कोठेही मोठा सिद्धांत नाही. खाऊ आहे, पिंजरा आहे, आणि घाई न करणारी एक बाई आहे. दखल न घेतली जाण्याचे तेही कारण असावे.

दक्षिण आफ्रिकेतील डॉक्टर जोसेफ वोल्पे याने दुसऱ्या महायुद्धात भेदरलेले सैनिक तपासले होते, आणि औषध देऊन त्यांना भूतकाळ आठवावयास लावण्याच्या पद्धतीचा त्याला वीट आला होता. प्रथम मांजरांवर आणि नंतर माणसांवर काम करून १९५८ साली त्याने आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. जोन्सबाईंच्या खाऊच्या जागी त्याने शरीराचे शिथिलीकरण आणले. रुग्णाने आपल्या भीतीची पायऱ्या-पायऱ्यांनी यादी करावयाची, अंग सैल सोडावयाचे, आणि सर्वांत खालच्या पायरीची कल्पना करावयाची. ती निर्भयपणे झाली की वरची पायरी. जोन्सबाईंना या उपचारपद्धतीची जननी म्हणण्याचे औदार्यही त्यानेच दाखवले.

१९६० साली वोल्पे आणि स्टॅन्ली रॅकमन यांनी छोट्या हान्सची हकिगत पुन्हा उघडली. त्यांचे आक्षेप वकिली बाण्याचे होते. पुरावा बापाने गोळा केलेला. बाप फ्रॉइडचा अनुयायी. पुष्कळशी वाक्ये मुलाच्या तोंडी बापानेच घातलेली. आणि आपला हा ‘वेडेपणा’ बसचा घोडा पडला तेव्हापासून लागला, असे मुलाने स्वतः सांगितल्याचे फ्रॉइडच्याच लेखात नमूद असताना मिशा आणि चष्म्याकडे जाण्याचे कारण काय? घोडा कोसळला, मूल दचकले, भीती शिकले. पुढे घोडे रोज दिसत राहिले, कोणी चावला नाही, आणि भीती विरली.

आक्षेप बिनतोड वाटतात. निदान पहिले दोन तरी आहेतच. पण एक घोडा पडला म्हणून व्हिएन्नातील सगळी मुले घरात बसली नाहीत. त्याच मुलाला ते का सोसले नाही, या प्रश्नाला वर्तनवाद्यांचे उत्तर तोकडे पडते, आणि घरातील ताण, धाकट्या बहिणीचा जन्म, आईचे मन या गोष्टींकडे पुन्हा वळावे लागते. मुलाचे तेच एक वाक्य फ्रॉइडने ऐकले आणि बाजूला ठेवले. वोल्पेने ऐकले आणि बाकीचे बाजूला ठेवले.

आपणच ऐकतो आहोत काय, असा प्रश्न ज्याने स्वतःला विचारला, तो कार्ल रॉजर्स. अमेरिकेतील रॉचेस्टर येथे तो बालमार्गदर्शनाचे काम करीत असे. एका खोडकर मुलाच्या आईला, तिने मुलाला मनापासून जवळ केलेले नाही हेच दुखण्याचे मूळ, असे तो अनेक भेटींत पटवू पाहत होता. बाईंना ते पटेना. शेवटी दोघांनी मिळून प्रयत्न सोडून दिला. बाई दारापर्यंत गेल्या, वळल्या, आणि मोठ्या माणसांनाही येथे सल्ला मिळतो काय, असे त्यांनी विचारले. मिळतो म्हणताच खुर्चीत परत बसून त्यांनी आपल्या संसाराचे दुःख सांगावयास सुरुवात केली. कोठे दुखते हे दुखणाऱ्यालाच ठाऊक असते, हा रॉजर्सच्या १९४० नंतरच्या साऱ्या लेखनाचा उगम त्या दाराशी आहे. त्याच्या पद्धतीत अर्थ लावणे नाही, उपदेश नाही. समोरच्याला विनाअट स्वीकारणे आणि त्याचे म्हणणे त्यालाच अधिक स्पष्ट करून देणे आहे. बंद खोलीत काय चालते हे इतरांना कळावे म्हणून उपचारांतील संभाषणे ध्वनिमुद्रित करून अक्षरशः छापण्याचे धाडसही त्यानेच दाखवले.

फिलाडेल्फियाचा आरन बेक हा तर मूळचा मनोविश्लेषक. आपल्यापुढे मोकळेपणी बोलणाऱ्या रुग्णांच्या मनात त्याच वेळी दुसरा एक हलका प्रवाह चालू असतो, हे त्याच्या ध्यानात आले. डॉक्टर कंटाळले असतील, आपण कशाच्याच योग्य नाही, असे ते विचार. आपोआप येणारे आणि न तपासता खरे मानले गेलेले. ते पुढे मांडून पुराव्याशी ताडून पाहणे हा त्याचा उपचार. अशाच वाटेने, पण अधिक खटकेबाजपणे, आल्बर्ट एलिस १९५५ च्या सुमारास गेला होता. त्याच्याशी दीर्घकाळ पत्रव्यवहार करून मुंबईचे किशोर फडके यांनी ही विवेकनिष्ठ पद्धती मराठीत आणली. कोलकात्याच्या त्या पत्रांनंतरचा हा दुसरा टपाली गुरुकुलवास म्हणता येईल.

इतके पंथ म्हटल्यावर हिशेब विचारला जाणारच. १९५२ साली लंडनच्या हान्स आयझेंकने असा दावा केला की, सौम्य मनोविकृतीचे सुमारे दोनतृतीयांश लोक दोन वर्षांत सुधारतात, आणि मानसोपचार घेतले नाहीत तरी तितकेच सुधारतात. त्याच्या आकड्यांवर पुष्कळ वाद झाला. १९७७ साली मेरी स्मिथ आणि जीन ग्लास यांनी सुमारे ३७५ अभ्यास एकत्र मांडले. उपचार घेतलेला सरासरी माणूस उपचार न घेतलेल्यांपैकी सुमारे ७५ टक्के लोकांपेक्षा बऱ्या स्थितीत असतो, असे त्यांना आढळले. मात्र पंथापंथांतला फरक अल्प निघाला. त्यात एक पुरवणी जोडली पाहिजे. घोडा, कोळी, उंची अशा एकेका वस्तूच्या भयात पायरीपायरीने सामोरे जाण्याची जोन्सबाईंची वाट निःसंशय सरस ठरली आहे. स्वीडनच्या लार्स-गोरान ऊस्त याने १९८९ साली तर तीन तासांच्या आत संपणाऱ्या एकाच बैठकीत ती चालून दाखवली. उदासीनतेचे, दीर्घ शोकाचे, नात्यांतील दुखण्याचे मात्र असे एकमार्गी उत्तर मिळालेले नाही.

आणि जेथे एकेका डॉक्टरापुढे शेकडो रुग्ण, तेथे खुर्ची, पलंग, तासाची बैठक हे सारेच दुर्मिळ. अमृतसरच्या मनोरुग्णालयात १९५० नंतरच्या दशकात डॉक्टर विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकले आणि रुग्णांच्या नातेवाइकांना रुग्णांसह तेथे राहावयास सांगितले. गजाआड टाकून निघून जाणारे घर तेथे शुश्रूषेत सामील झाले, आणि रुग्ण लवकर घरी परतू लागले. ही पद्धत कोणत्या पंथात बसवावी? छोट्या हान्सचा खरा वैद्यही शेवटी त्याचा बापच होता. रोज संध्याकाळी जवळ बसून ऐकणारा, हात धरून रस्त्यापर्यंत नेणारा. फ्रॉइडच्या मते ज्याची भीती होती तोच.

छोटा हान्स म्हणजे हर्बर्ट ग्राफ. तो पुढे नामवंत संगीतनाट्य-दिग्दर्शक झाला. न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात त्याने अनेक वर्षे प्रयोग बसवले आणि १९७३ साली तो वारला. १९२२ साली, एकोणिसाव्या वर्षी, तो फ्रॉइडला भेटावयास गेला. मधल्या काळात आईबापांची फारकत झाली होती. पण मुलगा धडधाकट होता. आपल्यावरचा तो प्रसिद्ध लेख त्याने नुकताच वाचला होता. त्यातले त्याला काहीच आठवत नव्हते, भीती नाही आणि उपचारही नाहीत. जणू दुसऱ्याच कोणा मुलाची गोष्ट. लेखात ग्मुंडेन या गावी सुटीत काढलेल्या दिवसांचा उल्लेख आला, तेव्हा मात्र कोठेतरी अंधुक ओळख पटली, आणि हा मुलगा आपण असू शकू, असे त्याला वाटले.